नंबर जुळणारा बोल्ट

एनिड गॉरिक माझी शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये फळ्यांचं एक कुंपण आहे, आणि ते पडेल की काय ही काळजी ती कित्येक वर्षं करते आहे. कुंपण काही पडत नाही, पण तिचं समाधान होत नाही. वारा सुटला की ती मागच्या दारी येते, एकेक फळी हलवून बघते, आणि मी खिडकीतून ओरडतो, "एनिड, हलवून हलवून तूच पाडशील ते!"

तिला गावात सगळेच हसतात, आणि हसणाऱ्यांत मी पहिला. पाव आणायला निघाली की फाटकापर्यंत जाते, परत येते, गॅस बंद आहे का बघते, निघते, पुन्हा परत येते. त्यात कुठलीही गोष्ट तीनदा सांगायची खोड. "कॉलिन, शिडी ओली आहे हं." मी मान हलवली की, "ओली आहे म्हणाले मी." मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला की, "अरे, ओली आहे ना ती!" पन्नास वर्षं कोळशाचे ट्रक घाटातून उतरवलेल्या माणसाला शिडी चढायची अक्कल शिकवायची म्हणजे कमाल झाली. पण सांगून उपयोग नाही.

धंदाही तिनं नेमका काळजीचाच धरला. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या लिथगोत रायफलींचा कारखाना होता, निम्मं गाव त्याच्या पगारावर जेवलं. एनिड तपासणी खात्यात होती. समोर येईल त्या भागाला गेज, म्हणजे मापाचं लोखंड, लावून बघायचं, बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर टोपलीत टाकायचा. माणसं कमी करायला लागले तेव्हा तिलाही घरी बसवलं. तेव्हापासून ती मागच्या शेडमध्ये जुन्या लष्करी रायफली दुरुस्त करते. कुणाचा बाप जातो, कुणाचे आजोबा जातात, आणि कपाटातून एक रायफल निघते. मग पोरं परवान्याचं बघून ती एनिडकडे आणतात. नीट करून दे आणि किंमत किती येईल ते सांग, म्हणतात.

मी बऱ्याचदा तिथे खुर्ची टाकून बसतो. मला बंदुकीतलं काही कळत नाही. कळतं असं सांगणारे या गावात उदंड आहेत, त्यात आणखी एकाची भर नको. पण तिचे हात बघायला मला आवडतात. लाकडाला ती घासकागद कधी लावत नाही. खोक पडली असेल तर त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवते, म्हणजे लाकूड फुगून वर येतं, आणि मग जवसाचं तेल बोटांनी जिरवत बसते. लोखंडावर गंज असेल तेवढाच काढायचा, जुन्या रंगाला धक्का लावायचा नाही. घासून चकचकीत केलेली रायफल कुणी आणली तर तिचं तोंड आंबट होतं. "नवी नाही केली त्यानं. खोटी केली," म्हणते.

तिचा नवरा अल्बी चांगला नेमबाज होता. एके शनिवारी क्लबच्या मैदानावर काडतूस मागच्या बाजूनं फुटलं आणि त्याचा उजवा डोळा गेला. त्यालाही आता जमाना झाला. पुढे काचेचा डोळा लावून तो बरीच वर्षं जगला, पत्ते खेळला, माझ्याशी भांडला आणि शेवटी हृदयविकारानं गेला. अपघातच तो, कुणाला काय दोष देणार? पण त्या दिवसापासून एनिडनं मैदानावर पाऊल ठेवलं नाही. रायफल दुरुस्त करायची, गेजनं तपासायची, हातात द्यायची. ती झाडताना बघायची नाही.

या वर्षी मार्चमध्ये, आमच्याकडचा उन्हाळा सरता सरता, डेस लॅनियन आपल्या बापाची रायफल घेऊन आला. डेस साठीचा, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, अंगानं आडवा आणि बोलायला तोडका. बाप नुकताच गेला होता. एनिडनं जुनी घोंगडी पसरून रायफल त्यावर ठेवली, चष्मा पुसला आणि एकेक भाग वाचायला सुरुवात केली.

वाचायला म्हणजे अक्षरशः वाचायला. कारखान्यातून रायफल निघते तेव्हा तिच्या सांगाड्यावर, बोल्टवर, म्हणजे काडतुसामागे सरकून बसणाऱ्या लोखंडी खिट्टीवर, नळीवर, दस्त्यावर आणि पुढच्या टोकाच्या टोपीवर एकच नंबर ठोकलेला असतो. मग ती फौजेत जाते, झिजते, मोडते, आणि तिथला कारागीर हाताला येईल तो भाग बसवून तिला पुन्हा उभी करतो. म्हणून सगळे नंबर जुळणारी रायफल क्वचित सापडते, आणि सापडली की संग्राहक मंडळी विरघळतात. त्यांना नंबरापुढे दुसरं काही दिसत नाही.

"सांगाडा पहिल्या महायुद्धातला," एनिड म्हणाली. "नळी दुसऱ्यातली. लाकूड टेनिसच्या रॅकेटी करणाऱ्यांकडचं, युद्धात तेही दस्ते करायचे, म्हणजे तेही नंतरचं. आणि ही टोपी कुठल्यातरी तिसऱ्याच रायफलीची."

"म्हणजे बाबानं जन्मभर हे कडबोळं सांभाळलं?" डेसचा चेहरा पडला. "आम्हाला सांगायचा, हिच्यासारखी दुसरी नाही!"

"खरंच सांगायचा. अशी दुसरी कुठून असणार?" मी म्हणालो.

"बोल्ट मात्र मूळचा आहे," एनिड म्हणाली. "सांगाड्याचा आणि याचा नंबर एक. ही मोठी गोष्ट आहे, डेस. बाकी कडबोळं असलं तरी एवढ्यानंच किंमत चांगली दीडपट होते."

डेसची कळी खुलली. एनिडनं गेज घेतलं. बोटाएवढा लोखंडाचा तुकडा असतो, काडतुसाच्या जागी घालायचा. बोल्ट त्याच्यावर अडला पाहिजे. अडला नाही, सरळ बंद झाला, तर काडतुसामागे फट जास्त आहे असं समजायचं. एनिडनं एका बोटानं दांडी खाली दाबली आणि बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा बंद झाला. तिनं उघडला, पुन्हा बंद केला. मग बोल्ट बाहेर काढला, उजेडात धरला आणि त्याला जागेवर धरून ठेवणारा जो लोखंडी दाता असतो त्यावरून नख फिरवलं. एका जागी नख अडकलं.

"चीर आहे," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "डेस, हा बोल्ट लावून गोळी झाडायची नाही. काडतूस मागून फुटेल. डोळा जाईल तुझा."

"कळलं."

"नाही, म्हणजे बघ, हा दाता आहे ना..."

"एनिड, कळलं म्हणालो ना!" डेस खेकसला. "बाप गेलाय माझा. कान नाही गेले."

एनिडनं बोल्ट घोंगडीवर ठेवला. तिनं एखादी गोष्ट एकदाच सांगून सोडलेली मी त्या दिवशी प्रथम पाहिली. माझ्या मनात आलं, चला, कुणीतरी औषध शोधलं म्हणायचं.

नंतरचे दिवस ती त्या रायफलीला दुसरा बोल्ट शोधत होती. तिच्याकडे जुन्या बोल्टांचा डबा आहे. एक लावायची, गेज घालायची, बंद झाला की बाजूला. शेवटी एक असा मिळाला की गेजवर खडकासारखा अडला. नंबर अर्थातच भलताच. त्याच्यासकट रायफल नीट बांधून तिनं डेसला दिली, आणि चिरलेला मूळ बोल्ट वेगळा, लाल लोकरीनं एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधून दिला. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, वापरू नये.

"देतेस कशाला तो?" मी विचारलं. "फेक खाणीत."

"मूळ बोल्ट फेकायचा?" मी कुणाचं मांजर बुडवायला सांगितल्यासारखी ती माझ्याकडे बघायला लागली. "त्याच्या बापाची वस्तू आहे ती. विकताना बरोबर दाखवली तरी किंमत वाढते."

"मग निदान हातोडीनं दोन घाव घाल. लोकर काय, कुणीही काढेल."

"शंभर वर्षांच्या लोखंडावर मी घाव घालू?"

झालं. नंबराचं वेड संग्राहकांना असतं म्हणून ती नावं ठेवते, पण तिच्या रक्तातही तेच आहे. चिरलेला, माणसाचा डोळा घेऊ शकणारा तुकडा, आणि हिला त्याच्यावर ओरखडा काढवेना.

रायफल गेली आणि एनिडची झोप उडाली. सकाळी मी झाडांना पाणी घालायला आलो की ही कुंपणापाशी उभीच.

"कॉलिन, मी त्याला सांगितलं होतं ना?"

"सांगितलंस."

"पण एकदाच."

"एकदा म्हणजे सांगितलंच ना, बाई!"

"त्याचं लक्ष नव्हतं. बापाच्या दुःखात होता. फोन करू का?"

"कर. म्हणजे तो रायफल परत आणून तुझ्या डोक्यात घालेल."

ती फोन करायची नाही. मग दुपारी पुन्हा कुंपण हलायला लागायचं. मी तिला हसायचो, पण खरं सांगतो, तिची ती घालमेल बघून मीही जाता-येता एखादी फळी हलवून बघायला लागलो होतो. काळजी हा पडशासारखा रोग आहे, शेजारच्यालाही लागतो.

एप्रिलअखेर अँझॅक दिनी आम्ही युद्धात गेलेल्यांची आठवण काढतो, त्यानंतरच्या शनिवारी क्लबात जुन्या लष्करी रायफलींचा सामना असतो. त्या सकाळी मी एनिडच्या ओट्यावर चहा घेत होतो. फाटक वाजलं आणि डेसची बायको मार्लीन आत आली. गोलमटोल, हसरी बाई. एनिडनं अंत्यविधीला केक पाठवला होता, त्याचा डबा परत करायला आली होती.

"रिकामा कसा द्यायचा म्हणून स्कोन घातलेत आत," मार्लीन म्हणाली. "आणि हो, डेसनं हेही द्यायला सांगितलंय."

एनिडनं डबा उघडला. छोट्या गोल पावांसारख्या त्या स्कोनच्या शेजारी कागदाच्या पुडीत लाल लोकर आणि पुठ्ठ्याचा तुकडा होता.

"हे का काढलं?" एनिडनं विचारलं.

"मला बाई काय कळतंय त्यातलं! सिडनीहून एक गृहस्थ आले होते रायफल बघायला. फोटो काय काढले, किती काढले! म्हणाले, सगळा खेळ नंबराचा आहे, तो जुना बोल्ट त्यात बसवा, मी मागाल ती किंमत देतो. मग ते गेल्यावर डेस तो बोल्ट घेऊन शेडमध्ये गेला. बराच वेळ खाटखुट चालली होती. बाहेर आला तो शीळ घालत. म्हणाला, मिटला एकदाचा प्रश्न, ही चिठ्ठी एनिडला परत दे, आता लागायची नाही."

"डेस कुठे आहे?"

"मैदानावर. बाबांची रायफल घेऊन आज पहिल्यांदाच..."

एनिडच्या हातून डबा निसटला. स्कोन ओट्यावरून घरंगळत अंगणात गेले. मार्लीन "अगं अगं" करत वाकली, पण एनिडचं तिकडे लक्षच नव्हतं. ती आत धावली, डेसला फोन लावला. फोन लागेना. लागणार कसा, मैदान डोंगराच्या घळीत आहे, तिथे कुणाचाच फोन चालत नाही. ती बाहेर आली ती ॲप्रन आणि सपातांसकट थेट माझ्या गाडीत जाऊन बसली.

"कॉलिन, चल."

गॅस बघायला ती परत वळली नाही. दारसुद्धा उघडंच टाकलं. मी गाडी काढली.

वाटेत ती एकसारखी बोलत होती. "मी घाव घालायला हवा होता. तू म्हणालास तेव्हाच. एक घाव घातला असता तर काय बिघडलं असतं? लोकर बांधली मी, लोकर! माणसाच्या डोळ्यापुढे लोकर!" मी म्हणालो, अगं, सामना सुरू व्हायला वेळ असेल. ती म्हणाली, "अल्बीसुद्धा सकाळीच गेला होता." घाटात मी कधी नव्हे इतकी गाडी हाणली आणि तिनं एकदाही हळू चालव म्हटलं नाही. ते ऐकू येईना म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती.

घळीच्या तोंडाशी पोचलो तर लाल बावटा फडकत होता, म्हणजे गोळीबार सुरू झालेला. डोंगरावर आदळून आवाज परत येत होते. एक वाजला, मग दुसरा. प्रत्येक आवाजाला एनिड दचकून खिडकीची कड धरत होती. "हा नीट वाजला. हाही नीट वाजला," असं स्वतःशीच म्हणत होती. फुटलेल्या काडतुसाचा आवाज कसा असतो ते मला माहीत नाही. तिला माहीत असावा.

प्रेक्षकांसाठी दोरी बांधलेली असते, तिच्या पुढे कुणी जायचं नसतं. पण धोका दिसला तर कुणीही ओरडावं, असा तिथला नियम आहे. एनिड दोरीला छाती लावून उभी राहिली आणि अशी किंचाळली की झाडावरचे काकाकुवे उडाले.

"फायर बंद! बंद करा!"

तिथली रीत अशी की एकानं ओरडलं की सगळ्यांनी तेच ओरडायचं. मातीच्या उंचवट्यावर आडवे पडलेले नेमबाज एकामागून एक "फायर बंद" म्हणत गेले, रायफली खाली ठेवल्या गेल्या, बोल्ट बाहेर निघाले. मग सामसूम झाली आणि सगळी डोकी आमच्याकडे वळली. ॲप्रन घातलेली, सपाता चिखलात रुतलेली एनिड गॉरिक त्या मैदानावर इतक्या वर्षांनी आली होती. जुन्या मंडळींनी टोप्या मागे सारल्या.

मैदानप्रमुख दोरी उचलून म्हणाला, "काय झालं, एनिड?" ती त्याच्या बाजूनं सरळ डेसपाशी गेली. डेस चटईवर पालथा, कानावर आवाज अडवणारे मफ, डोळे विस्फारलेले. दोन्ही.

"बोल्ट दे," एनिड म्हणाली.

"काय?"

"बोल्ट दे, डेस!"

त्यानं दिला. एनिडनं चष्मा शोधला, तो घरीच राहिला होता. तिनं बोल्ट डोळ्यांशी नेला, मग दूर धरला, मग अंगठ्यानं नंबर चाचपला. मी तिच्या मागेच होतो. नंबर मला दिसत होता आणि तो रायफलीच्या नंबराशी जुळत नव्हता. तो तिनंच बसवलेला बोल्ट होता.

"तो दुसरा कुठाय?" तिनं विचारलं.

"शेडमध्ये," डेस म्हणाला. "दोन तुकड्यांत."

"दोन?"

"करवतीनं कापला. दाताच उडवला त्याचा."

मागे कुणीतरी "अरेरे" म्हणालं. एका म्हाताऱ्यानं तर टोपीच काढली. "मूळ नंबराचा?" तो म्हणाला. "कापला? अरे, माणूस आहेस की कोण?" आणि एनिडच्या चेहऱ्यावरही क्षणभर तेच दुःख उमटलं, मी पाहिलं. कसली ही माणसं!

डेस उठून बसला. "तो सिडनीवाला म्हणाला, तू भितोस, आण इकडे, मी एक गोळी झाडून दाखवतो. खरंच झाडणार होता, एनिड. मी त्याच्या हातातून ओढून घेतला. मग मनात आलं, हा घरात आहे तोवर कुणी ना कुणी लावणारच. नंबर जुळतो ना! मी नाही तर माझा जावई, नाहीतर विकत घेणारा. लोकर काढायला काय लागतं?"

"आणि ते गिऱ्हाईक?"

"गेला शिव्या देत. ही रायफल आता कडबोळंच राहणार. राहू दे. बाबालाही तशीच आवडायची."

एनिड तशीच उभी होती. "मी तुला एकदाच सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो. डोळा जाईल म्हणालीस. आणखी किती वेळा सांगणार होतीस?"

एनिड चटईच्या कडेवर बसली. बोल्ट तिनं दोन्ही हातांनी मांडीवर धरला होता.

"अल्बीलाही एकदाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्यानं कुणाचा तरी बोल्ट आणला होता. मी गेज लावलं, तो बंद झाला. मी म्हणाले, अल्बी, हा नको. तो हसला आणि खिशात घालून निघाला. मी भांडी घासत होते. पुन्हा नाही सांगितलं. तो गाडीत बसला तरी नाही सांगितलं. आणखी एकदा म्हणाले असते तर..."

इतकी वर्षं शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हतं. अल्बी माझ्याशी हजार गोष्टी बोलला, ही नाही बोलला. मला माझ्या सगळ्या हसण्याची लाज वाटली.

डेसनं मान खाजवली. मग म्हणाला, "एनिड, तुझं सांगणं कमी नव्हतं पडलं. त्यानं ऐकलं नाही."

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग ती रडायला लागली, सगळ्यांदेखत, ॲप्रनमध्ये तोंड खुपसून. मैदानप्रमुखानं घड्याळाकडे बघितलं नाही, हे त्याच्या नावावर लिहून ठेवायला हवं. बऱ्याच वेळानं तो हळूच म्हणाला, "एनिड, दोरीच्या मागे येतेस का? सामना अडलाय."

मला वाटलं, आता गाडीत जाऊन बसेल. पण ती दोरीमागे माझ्या शेजारी उभी राहिली. बावटा होता तिथेच होता. बोल्ट पुन्हा आत गेले. डेस पालथा झाला, त्यानं गाल लाकडाला टेकवला. पहिला बार झाला तेव्हा एनिडची नखं माझ्या दंडात रुतली. दुसऱ्याला तेवढीच रुतली. मी हात काढून घेतला नाही. तिचे डोळे उघडे होते आणि डेसवरून हलत नव्हते.

फेरी संपली. डेसनं बोल्ट काढला, कानावरचे मफ उतरवले आणि हुश्श करत आमच्याकडे वळला.

"कशा गेल्या गोळ्या?" त्यानं ओरडून विचारलं.

"मला काय ठाऊक," एनिड म्हणाली. "मी निशाणाकडे बघत नव्हते."